माहेरचा पीळ

मुलांनो, एक मांजर डोळ्यांपुढे आणा. उन्हात अंग सोडून बसलेलं, डोळे अर्धे मिटलेलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवा, डोक्याकडून शेपटीकडे. कसा अलगद जातो, नाही? आता तोच हात शेपटीकडून डोक्याकडे न्या. केस उभे राहतात, पाठ शहारते, आणि मांजर मान वळवून असं काही बघतं की तुम्ही आपणहून हात काढून घेता.

आता मांजराला जाऊ द्या. त्याच्या जागी मागावर ताणलेलं लोकरीचं कापड आणा. राखाडी, चोवीस हात लांब, तीन महिने विणून कालच पुरं झालेलं. त्यातलं दोन-तीन हात समोर दिसतंय, बाकीचं खालच्या रुळावर गुंडाळलेलं आहे. आणि त्यावरून फिरणारा हात तुमचा नाही, मोठ्या आत्याचा आहे. मोठ्या आत्याला हल्ली माणसांचे चेहरे धुक्यातून आल्यासारखे दिसत. कापड मात्र ती तळहाताने बघायची, आणि तो तळहात अजून कधी चुकला नव्हता.

हात सरकत आला आणि थांबला. मागे गेला, परत आला, पुन्हा तिथेच थांबला.

"दार लावा," आत्या म्हणाली.

दाराशी धाकटा काका लाकडांची मोळी घेऊन उभा होता. अंगणात मोठ्या हंड्यात पाणी तापत होतं आणि त्याला जाळ घालायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने मोळी तिथेच टेकवली आणि पायानेच दार लोटलं. मागाजवळ काकाचा थोरला भाऊ होता, हातात कात्री घेऊन. कापड त्यानेच विणलेलं. आत्याने हात फिरवला की तो कापायचा, मग सगळ्यांनी मिळून ते गरम पाण्यात तुडवायचं, की कापड दाट होतं आणि बर्फ आत शिरत नाही. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर या घरात हा दिवस यायचा. खिडकीपाशी काकू कापड तुडवायची लाकडी डोणी पुसत बसली होती, आणि तिच्या मागे, अगदी भिंतीला चिकटून, टकळी.

टकळी म्हणजे थोरल्याची नऊ वर्षांची मुलगी. सूत काततात ती टकळी तुम्हाला ठाऊक आहे. आणि जिचं तोंड क्षणभर मिटत नाही, तिलाही आपण टकळीच म्हणतो. या पोरीला ते नाव दोन्हींवरून पडलं होतं. आज सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. कामाच्या धांदलीत सगळ्यांना ते बरंच वाटलं. का बोलत नाही, असं कुणी विचारलं नाही.

"काय झालं, ताई?" थोरल्याने विचारलं.

"हे कुणाचं सूत आहे?"

"आपलंच. बाहेरचं कुठून येणार?"

"आपलं नाही हे. ह्याचा पीळ उलटा आहे."

थोरल्याच्या हातातली कात्री खाली आली.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? दोऱ्याला पीळ असतो, सुलटा काय नि उलटा काय. तर जवळपास दोरा असेल तर घ्या आणि चिमटीत धरून वळा. एका बाजूला वळलात तर घट्ट होतो, दुसऱ्या बाजूला वळलात तर उकलतो. या घरात सूत कातायच्या टकळीला उजव्या हाताने चुटकी वाजवल्यासारखी फिरकी देत. आत्या तशी देई, आत्याची आई तशी देई. म्हणून घरातलं झाडून सगळं सूत एकाच अंगाने वळलेलं. कोरडं असताना उलटं सूत सुलट्यात बसलं तरी गुपचूप बसतं. पण कापड गरम पाण्यात गेलं की प्रत्येक धाग्याला आपला पीळ आठवतो आणि तो त्या बाजूला ओढू लागतो. सगळे एकीकडे ओढत असले तर कापड घट्ट बसतं. त्यातले थोडे दुसरीकडे ओढू लागले, तर कापड असं आक्रसतं की पुन्हा या जन्मात सरळ होत नाही.

थोरल्याने बाहेर जाऊन फडकं गरम पाण्यात बुडवून आणलं, पिळलं, आणि आत्याचं बोट होतं तिथे दाबून धरलं. सगळे वाकून बघू लागले. फडकं उचललं तेव्हा चार बोटं रुंदीचा एक आडवा पट्टा, या काठापासून त्या काठापर्यंत, म्हाताऱ्या माणसाच्या कपाळासारखा सुरकुतला होता. त्याच्या दोन्ही बाजूंचं कापड मजेत सपाट पडलं होतं.

बाहेर पाण्याला आधण आल्याचा आवाज येऊ लागला.

"उलटा पीळ आपल्या घरात येणार कुठून?" काका म्हणाला. मग थोडं थांबून तो हसला. "म्हणजे, एका जागेहून येऊ शकतो म्हणा."

त्याने आपल्या बायकोकडे पाहिलं.

काकू खालच्या खोऱ्यातली. तिच्या माहेरी टकळी चुटकीने फिरवत नाहीत. मांडीवर ठेवून तळहाताने आपल्याकडे ओढतात. त्याने पीळ उलटा बसतो. त्यांच्याकडे सगळ्यांचंच सूत तसं, त्यामुळे तिकडे त्याला कुणी उलटा म्हणत नाही. लग्न होऊन ती वर आली तेव्हा आत्याने तिला सहा महिने समोर बसवून हात बदलायला लावला होता.

"तिचा हात मी स्वतः वळवलाय," आत्या म्हणाली. "दोन वर्षं झाली, एकदा चुकली नाही ती."

"माहेरचा पीळ आहे तो, ताई. सहा महिन्यांत जातो होय? दुखलं-खुपलं, जीव थकला, की हात आपसूक मांडीवर जात असेल."

काका हे हसत हसतच म्हणाला. पण गेले पंधरा दिवस त्याच्या मनात एक गोष्ट घोळत होती आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नव्हती. खाली गावात सूतगिरणीत त्याला काम मिळत होतं. राहायला खोली, खोलीत नळ, नळाला पाणी. इथे त्याची बायको बर्फ फोडून पाणी भरायची आणि तिच्या बोटांना चिरा पडायच्या. दादाला विचारलं तर दादा म्हणे, दोघं गेलात तर हे घर चालायचं कसं? बायकोला विचारलं तर ती म्हणे, मला इथेच राहायचंय, उन्हाळा लागला की मला दुसरा माग मिळणार आहे. परवा खच्चरवाला हे कापड व्यापाऱ्याकडे पोचवायला खाली जाणार होता, आणि ती या सालातली त्याची शेवटची खेप. नंतर वाट बर्फाखाली. काकाचा काही वाईट हेतू नव्हता, मुलांनो. त्याला फक्त एक दार किलकिलं झालेलं दिसलं आणि त्याने त्यात पाय घातला.

काकूने डोणी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. आपला हात चुकला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मग हे सूत आलं कुठून? आणि मग तिला तो महिना आठवला. तेव्हा आत्या खोकल्याने अंथरुणाला खिळली होती आणि नेमकी तेव्हाच काकूची मनगटाची शीर सुजली होती. आठ दिवस तिला टकळी धरवत नव्हती. कुणाला सांगायची सोय नव्हती. लगेच काकाने म्हटलं असतं, बघ, म्हणून म्हणतो खाली चल. तेव्हा ही पोर कानाशी येऊन म्हणाली होती, "मी कातते तुझ्या वाटचं. कुणाला सांगणार नाही." काकूने विचारलं होतं, "उजव्या हाताने हं?" आणि पोर म्हणाली होती, "उजव्याच गं."

काकूने मान वळवली. टकळी जमिनीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

टकळी डावखुरी होती. चार वर्षांची असताना कातायला बसवलं तेव्हा आत्याने तिचा डावा हात पट्टीने कमरेला बांधला होता, दोन महिने. रागाने नाही; उलट्या पिळाच्या भीतीने. काकू तेव्हा या घरात नव्हती, पण पोरीने तिला ते सगळं सांगितलं होतं, कातताना, जेवताना, झोपताना, अनेकदा.

"माझंच असेल ते, वन्सं," काकू म्हणाली.

"असेल, की आहे?"

"आहे. माझंच आहे."

आत्याने तिच्या आवाजाच्या दिशेने चेहरा केला. "मांडीवर वळलंस?"

"मनगट दुखत होतं."

"मग सांगायचं नाहीस? एवढी काय मी खाष्ट आहे?"

"नाही, वन्सं."

"सुताचे किती गुंडे काढलेस तसे?"

पोरीने किती काढले, हे काकूला कुठे ठाऊक होतं? टोपलीत सगळ्यांचंच सूत पडायचं. जेवढा गुन्हा लहान तेवढं बरं, एवढंच तिच्या मनात आलं.

"एक," ती म्हणाली. "एकच गुंडा."

भिंतीपाशी टकळीने मान झटकन वर केली आणि पुन्हा खाली घातली.

थोरल्याने हुश्श केलं. खरं सांगायचं तर त्याच्याही मनात एक काटा होता. महिन्याभरापूर्वी एका संध्याकाळी विणताना धोट्यातून सुटणारा धागा त्याच्या बोटाशी उगीच गोल गोल वळत होता. त्याला शंका आली होती. पण विचारलं असतं तर बोट भावजयीकडेच गेलं असतं, आणि तिला दुखवायचं त्याच्या जिवावर आलं. हवेत दमटपणा आहे, असं स्वतःलाच सांगून तो विणत राहिला. आता तिने आपणच एक म्हटल्यावर त्याला ते पटलं. धागा वळताना त्यानेही एकदाच पाहिला होता.

"मग काही बिघडलेलं नाही," तो म्हणाला. "पट्टा बाविसाव्या हातावर आहे. त्याच्या अलीकडे कापतो. बावीस हातांत व्यापाऱ्याचा झगा आरामात बसतो. दोन हात गेले तर गेले."

"सकाळपर्यंत थांब," आत्या म्हणाली. "बाकीचं मी हाताखालून काढते. आजारपणात माझा हात कापडावर फिरलेलाच नाही."

"आत्ताच बघ ना. उलगडून देतो."

"आत्ता नाही होणार. एकदा तळहाताला उलटं लागलं की मग सगळंच उलटं लागतं. कडू खाल्ल्यावर जीभ कशी होते? तसं. रात्रभर जाऊ दे."

"ताई, सकाळी तुडवलं तर वाळणार कधी? परवा खच्चरवाला. आणि पाणी उकळलंय. पुन्हा एवढं पाणी तापवायला लाकडं कुठेत?"

"लाकडं नाहीत," काका मध्येच म्हणाला. "आणि कातणारीच सांगतेय ना एकच म्हणून? तिला आपले गुंडे माहीत नसणार का?"

आत्याने तळहात मांडीवर पुसला. तिचा स्वतःच्या तळहातावर विश्वास होता, पण तो आता तिला उद्यापर्यंत सोडून गेला होता.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "काप."

"आणि दादा, आता विषय निघालाच आहे तर," काका म्हणाला, "परवा आम्हीही जातो त्याच्याबरोबर. खाली."

"आज बोलायची वेळ आहे का ही?"

"मग कधी? बर्फ पडल्यावर? तू बघतोयस ना, तिला इथलं काम झेपत नाही. मनगट दुखलं तरी सांगायची चोरी. तिच्या हाताला जे येत नाही ते किती दिवस मारून मुटकून करायचं तिने?"

"मला झेपतं," काकू म्हणाली.

"झेपतं ते दिसतंय समोर. सुरकुत्या पडल्यात त्याला."

"मी तिला दुसरा माग देणार आहे उन्हाळ्यात," थोरला म्हणाला. "शब्द दिलाय मी."

दुसरा माग कोपऱ्यात होता, चादरीखाली झाकलेला. टकळीची आई गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. तो द्यायचा म्हणजे थोरल्याला काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको.

"शब्द तू दिलास," आत्या हळू आवाजात म्हणाली, "पण मी कशी हो म्हणू? पीळ चुकला, त्यापेक्षा चुकल्यावर लपवला, हे मला लागलं. मागावर बसणाऱ्याने लपवून कसं चालेल? लपवलेलं काही राहत नाही, पाण्यात पडलं की उठून दिसतं."

थोरल्याने काही बोलावं म्हणून काकूने त्याच्याकडे पाहिलं. तो कात्रीच्या पात्यांकडे बघत होता. शब्द दिलेला माणूस असा कात्रीकडे बघू लागला की समजायचं, शब्द परत गेला.

"चल," काका बायकोला म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता. "गाठोडं बांधायला घे. तुडवायला आम्ही तिघं पुरे आहोत."

काकू उठली. दाराच्या चौकटीशी ती क्षणभर थांबली, तिने भिंतीशी उभ्या टकळीकडे पाहिलं आणि अगदी थोडीशी मान हलवली. बोलू नकोस, असं. मग ती आतल्या खोलीत गेली. पेटी ओढल्याचा आवाज आला.

आता टकळीकडे या. तिच्या शेजारी, भिंतीला टेकून उभे राहा, म्हणजे तिला काय दिसत होतं ते तुम्हालाही दिसेल.

तिला गोठा दिसत होता. मेंढ्या चरायला गेलेल्या, गवतावर उन्हाचा तुकडा पडलेला. पहिल्या दिवशी तिने खरंच उजव्या हाताने कातलं होतं. गाठी पडल्या, धागा चारदा तुटला, दुपारपर्यंत अर्धा गुंडाही झाला नाही. मग तिने दाराकडे बघून, फक्त एकदाच म्हणून, टकळी डाव्या हातात घेतली. आणि काय सांगू! टकळी अशी भिरभिरली, धागा असा सरसर निघाला, बारीक, गोल, सारखा, की आपलाच हात ती बघत राहिली. ते तिच्या हातून निघालेलं सगळ्यात चांगलं सूत होतं. तिला ते लपवावंसंही वाटेना आणि दाखवताही येईना. तिने ते टोपलीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशीही.

तीन गुंडे.

बाबा आता एकच पट्टा कापून टाकणार होते. उरलेले दोन त्या रुळावर गुंडाळलेले होते, आणि दहा मिनिटांत सगळं उकळत्या पाण्यात जाणार होतं. सांगितलं तर पुन्हा हात बांधतील. बाबा रागावले तर ओरडत नाहीत, नुसते बोलायचे थांबतात. ते तर त्याहून वाईट. नाही सांगितलं तर कापड जाईल, आणि तेही काकूच्याच नावावर जाईल. आणि काकू परवा जाईल. मग वर वाट बंद. काकूने मानेने नको म्हटलं होतं. मोठ्या माणसाने नको म्हटलं की ऐकायचं असतं. पण मोठ्या माणसाला जेव्हा आकडाच माहीत नसतो, तेव्हा?

कात्रीची पाती उघडली. थोरल्याने पहिले पाच-सहा उभे धागे त्यांत घेतले.

"बाबा, कापू नका."

आवाज एवढा बारीक होता की थोरल्याला आधी कळलंच नाही कोण बोललं.

"अगं, हो तिकडे. हात लागेल."

"कापू नका! तीन आहेत!"

"काय तीन?"

"गुंडे. तीन गुंडे आहेत उलटे. काकूचे नाहीत. माझे आहेत. मी डाव्या हाताने कातले. गोठ्यात. काकूला माहीत नव्हतं, ती म्हणाली होती उजव्या हाताने कात, मी हो म्हणाले आणि डाव्याने कातलं, आणि एक नाही, तीन आहेत!"

सकाळपासून तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. आतल्या खोलीतला पेटीचा आवाज थांबला.

काका पहिल्यांदा बोलला. "काकूचा पुळका आलाय हिला, दुसरं काय. ती जाणार म्हटल्यावर काहीही सांगेल पोर." तो टकळीपुढे उकिडवा बसला. "हे बघ सोन्या, मलाही माहितेय तुला ती आवडते. पण म्हणून खोटं बोलायचं नाही."

"मी खोटं नाही बोलत."

"पट्टीने हात बांधून ताईने तुला शिकवलंय. डाव्या हाताने तुला कातता तरी येईल का?"

टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगितल्यावर कुणी रागावलं तर काय करायचं, याची तिने तयारी केली होती. कुणी विश्वासच ठेवला नाही तर काय, याची नव्हती केली.

"टकळी," आत्या म्हणाली, "टोपली घेऊन इकडे ये. बस. कात."

"कुठल्या हाताने?"

"तुझ्या."

पोरीने टोपलीतून लोकरीचा पेळू घेतला. पहिली फिरकी वाया गेली आणि हातातली टकळी जमिनीवर पडली. काका उठून उभा राहिला. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले, डाव्या हाताने चुटकी दिली, आणि टकळी फिरली. धागा निघू लागला. वीतभर, हातभर, दोन हात. थोरला बघत राहिला. त्याने आपल्या मुलीला इतकी वर्षं कातताना पाहिलं होतं. पण तिच्या खांद्यात एवढी सैल, सहज हालचाल त्याने कधी पाहिली नव्हती.

आत्याने धागा तोडून घेतला. एक टोक दातांत धरलं, दुसरं चिमटीत घेऊन वळलं. घरच्या सुतासारखं वळलं तर धागा घट्ट व्हायला हवा. तो उकलला. तिच्या बोटांत नुसते लोकरीचे तंतू राहिले.

"उलटा," ती म्हणाली. मग बराच वेळ ती ते तंतू बोटांनी कुरवाळत बसली. "आणि माझ्यापेक्षा सारखा."

थोरल्याने कात्री खिळ्याला अडकवली. रुळाची खीळ काढून कापड उलगडत गेला, आणि काका, कुणी न सांगता, गरम फडकं घेऊन आला. दोघा भावांनी एका काठाने फडकं दाबत दाबत न्यायला सुरुवात केली. एकविसावा हात, विसावा. काठ सरळ. एकोणिसाव्या हातावर काठ आक्रसला. अठरावा, सतरावा, सोळावा. पंधराव्यावर पुन्हा आक्रसला. पुढे मात्र सुरुवातीपर्यंत सगळं स्वच्छ.

"तीन," काका म्हणाला.

मग त्याच्या मनात आलं, आत्ता हे सबंध कापड पाण्यात असतं, आणि आपण बायकोला घेऊन खाली चाललो असतो, तिच्या माथ्यावर हे घेऊन.

"पंधराव्यापर्यंत उसवावं लागेल," थोरला म्हणाला. "नऊ हात. परवाची खेप काही गाठता येत नाही."

"उन्हाळ्यात जाईल," आत्या म्हणाली. "व्यापारी थांबला तर थांबला, नाही तर दुसरा बघू. पाण्याखालचा जाळ काढा."

काकू दारात उभी होती. काखेत गाठोडं होतं, अर्धवट बांधलेलं, एक बाही बाहेर लोंबत होती.

"तू माझ्याशी खोटं का बोललीस?" आत्याने तिला विचारलं.

"तुम्ही हात बांधता म्हणून, वन्सं."

एवढं स्पष्ट या घरात आत्याशी कुणी बोललं नव्हतं. थोरल्याला वाटलं, आता काही खरं नाही.

"दोन महिने बांधला होता," आत्या म्हणाली, "आणि पोर दोन महिने मुकी झाली होती. मला आठवतं ते. तुला काय वाटतं, मी विसरले?"

"मग दुसऱ्या मागाचं?" थोरल्याने हळूच विचारलं.

"माग तुझा, शब्द तुझा. मला काय विचारतोस?"

पण काका अजून तिथेच होता. "तो प्रश्न मिटला," तो म्हणाला, "माझा नाही मिटला. नळ तिथेच आहे आणि चिरा हिच्याच बोटांना पडतात. मी परवा जाणार. तू काय करणार, ते आता तूच सांग बाई. मी तुझ्यावर कसलाही ठपका ठेवून नेणार नाही, एवढं ऐकलंस ना? पण मी जाणार."

काकूने गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. हा प्रश्न दोघांचा होता आणि त्यात तिसऱ्याने बोलायचं नसतं, हे सगळ्यांना कळत होतं. टकळीलाही कळत होतं. तिला रडायला येत होतं, आणि जाऊ नकोस, असं ओरडावंसं वाटत होतं. तेही तिने केलं नाही. आज तिच्या पायी एवढं सगळं झालं होतं, आता आणखी काय मागायचं?

मग तिने काय केलं, सांगू?

ती मागाशी गेली आणि बाबांच्या जागेशेजारी फळीवर बसली. कापड उसवायला तिघं लागतात. एकाने पायाने पावड्या दाबून उभे धागे उघडायचे, दुसऱ्याने आडवा धागा बाहेर ओढायचा, आणि तिसऱ्याने तो लगेच गुंड्यावर घ्यायचा, नाही तर गुंता होतो. "बाबा, दाबा," ती म्हणाली. थोरला येऊन बसला. त्याने पावडी दाबली, उभे धागे उघडले. टकळीने डाव्या हाताने शेवटचा आडवा धागा काढला, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि त्याचं टोक धरून हात मागे केला, दाराच्या दिशेने. मान वळवली नाही. कुणाला हाकही मारली नाही. नुसता हात मागे धरून बसली.

खांद्याला कळ लागली तरी तिने हात खाली घेतला नाही. मागे जमिनीवर गाठोडं ठेवल्याचा मऊ आवाज झाला.

मागून धागा ताणला गेला.

टकळीने पुढचा सोडवायला घेतला.